पक्षाघातानंतरचे पाऊल

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांस गतवर्षी पक्षाघाताचा झटका आला व उजवे अंग लुळे पडले. मागे एकदा कम्युनियन घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते सुनेच्या देखरेखीखाली ओसरीवर फेऱ्या घालीत होते. मी अंगणातूनच मोठ्याने क्षेमकुशल विचारले. उत्तर देण्यासाठी ते थबकले आणि त्यांचा तोल गेला. सुनेने सावरले म्हणून बरे. चूक माझी होती. ती का घडली, हे वाचकांस सांगणे मला अगत्याचे वाटते.

निरोगी मनुष्य चालताना चालण्याचा फारसा विचार करीत नाही. पृष्ठरज्जू व मेंदूचा खालचा भाग ते काम बरेचसे परस्पर उरकतात. पक्षाघातात मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. डावी बाजू दुखावली की उजवे अंग दुर्बल होते, कारण आज्ञा वाहणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात. मग प्रत्येक पाऊल लक्षपूर्वक टाकावे लागते, आणि कपाळामागील मेंदू त्यातच गुंतून राहतो. अशा वेळी बोलावयास लावणे म्हणजे एकच बैल दोन गाड्यांस जुंपणे होय.

चालत्या माणसाच्या मेंदूत डोकावणार कसे? जपानातील डॉ. मियाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या डोक्यावर प्रकाश सोडणारी साधने बसविली. डोळ्यांस न दिसणारा तो प्रकाश कवटीतून आत जातो, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून प्राणवायुयुक्त रक्त कोठे वाढले हे कळते. त्यांचा आठ रुग्णांवरील अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. फिरत्या पट्ट्यावर चालताना आरंभी मेंदूची धडधाकट बाजूच अधिक राबत असे. सरावानंतर ही तफावत घटली, आणि दुखावलेल्या बाजूचा, हालचालीची पूर्वतयारी करणारा भाग अधिक कामास लागला.

मृत पेशी परत येत नाहीत. उरलेल्या पेशी त्यांचे काम शिकतात, आणि तेही पुन्हःपुन्हा केल्यानेच. तेव्हा मायेपोटी रुग्णास महिनोन्‌महिने खाटेवरच ठेवणे हिताचे नाही. (अतिघाईही नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठविलेल्या रुग्णांची प्रगती उलट कमी आढळली. आरंभ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)

कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसास चौघांनी छपरातून खाली सोडले. आमच्या गावीही खाट उचलणारे पुष्कळ मिळतात. रोज बाजूस राहून मुकाट्याने चालणारे मात्र थोडे.

आता मी पायरीशीच थांबतो; ते खुर्चीवर टेकले की मग बोलतो. या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्यांनी मला पाहिले, डाव्या हाताची दोन बोटे वर केली आणि उरलेल्या दोन फेऱ्या पुऱ्या करावयास वळले.