आमदारांचे मत कोणत्या वहीत लिहिले आहे?

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे हिशेब सुरू होतात. रस्ता कोणी केला, गटार कोणी टाकली, गणपतीला वर्गणी कोणी दिली. पण मंडळी, रस्ता आणि गटार हे मुळात महापालिकेचे काम. आमदाराला आपण गांधीनगरला पाठवतो ते कायदे करण्यासाठी. तिथे त्यांनी कोणत्या कायद्याला 'हो' म्हटले आणि कोणत्या कायद्याला 'नाही', हा हिशेब आपण कधी मागितला आहे का?

लिंबायतचेच उदाहरण घेऊ. फेररचनेनंतर हा मतदारसंघ नवा झाला आणि २०१२ साली तिथे पहिली निवडणूक झाली. तेव्हापासून २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तिन्ही वेळा भाजपच्या श्रीमती संगीता पाटील निवडून आल्या. १८२ जणांच्या सभागृहात आपली भाषा बोलणारी एक बाई बसते याचा आनंद आपल्याला आहेच. म्हणूनच प्रश्नही आधी त्यांनाच विचारायचा.

२८ फेब्रुवारी २०२३ रोजी विधानसभेने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती भाषा सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. न शिकवणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी ५० हजार, दुसऱ्या वेळी १ लाख, तिसऱ्या वेळी २ लाख रुपये दंड. विधेयक एकमताने मंजूर झाले. गुजरातीला आपला विरोध नाही. तीन-चार पिढ्या आपण बाजारात, कचेरीत, शेजारात गुजरातीच बोलत आलो. पण सुरतेत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात आणि त्यांत मराठीही आहे. या शाळांना शिक्षक किती मिळणार, मराठीचे तास कायम राहणार का, हे त्या दिवशी सभागृहात विचारायला हवे होते. ते कोणी विचारले, कोणी गप्प बसले? 'एकमताने' या एका शब्दात सगळे झाकले जाते.

कारण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाकांवरून 'हो' असा आवाज येतो, काम संपते. कोणी मतविभागणी मागितली तरच नावानिशी नोंद होते. म्हणजे आमदारांच्या मतांचे प्रगतिपुस्तकच नाही!

आणि याच विधानसभेने डिसेंबर २००९ मध्ये स्थानिक निवडणुकांत तुम्हा-आम्हाला मतदान सक्तीचे करणारे विधेयक मंजूर केले होते. २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली, दंड १०० रुपये ठरला. शेवटी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मतदाराने मत दिले की नाही याची नोंद हवी, आमदाराच्या मताची मात्र नको, हा कुठला न्याय?

आमदारांचे मत कोणालाच दिसत नाही असेही नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमद पटेलांच्या निवडणुकीत काँग्रेसच्या दोन आमदारांनी ती भलत्यालाच दाखवली म्हणून मध्यरात्री त्यांची मते बाद झाली. पक्षाला मत पाहण्याचा हक्क आहे, निवडून देणाऱ्याला नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: व्हिपपुढे आमदार काय करणार? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते, हे खरे. पण १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही बंदी सरकारवरील विश्वासाच्या मतापुरती आणि पक्षाच्या मूळ धोरणापुरती असावी. शिवाय व्हिप असतो तो मताला. सभागृहात उभे राहून प्रश्न विचारायला, दुरुस्ती सुचवायला कोणी हात धरलेला नाही.

साधनांचीही अडचण उरलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गुजरात विधानसभेचे कामकाज कागदविरहित झाले. टॅबलेटवर कामकाज चालते, तर त्यावर प्रत्येकाचे मत नोंदवायला किती वेळ लागेल?

२०२४ च्या लोकसभेला सुरत मतदारसंघात उमेदवार बिनविरोध निवडून आला आणि आपल्यापैकी अनेकांना बटण दाबण्याची संधीच मिळाली नाही. मत हातचे गेले की काय वाटते ते सुरतकरांना आता वेगळे सांगायला नको.

म्हणून आपली मागणी साधी असावी. पक्ष कोणताही असो, सुरतेतल्या प्रत्येक आमदाराने वर्षातून एकदा एक पान छापून द्यावे: कोणती विधेयके आली, मी काय मत दिले, काय बोललो, कोणते प्रश्न विचारले. सुरुवात संगीताबेननी करावी. हळदीकुंकवाला आणि शिवजयंतीला आपण त्यांना मानाने बोलावतोच. पुढच्या वेळी ते पान सोबत आणण्याची विनंती निमंत्रणातच लिहू या.