चौथ्या नंबरचं काय करायचं?

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार कुरण, टोपी घातलेले साहेबलोक आणि त्यांच्यामागून पिशवी वाहणारा पोऱ्या. आमच्या गावात मुलींना कबड्डीसाठी धड मैदान नाही, तिथं गोल्फचं काय घेऊन बसलात, असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, ७ ऑगस्ट २०२१च्या शनिवारी पहाटे आपल्या देशात कितीतरी घरांत टीव्ही लागला होता तो गोल्फसाठीच. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर उभी होती. बर्डी म्हणजे काय आणि पार म्हणजे काय, हे त्या दिवशी आपण घाईघाईनं शिकलो.

साठ जणींच्या त्या स्पर्धेत उतरताना अदिती जागतिक क्रमवारीत दोनशेवी होती. त्याच वर्षी तिला करोना होऊन गेला होता. तिचा लांबचा फटका मुळातच इतरींच्या मानानं आखूड, त्यात अंगातली ताकद कमी झालेली. तरी तिसऱ्या दिवसाअखेर ती एकटी दुसऱ्या स्थानावर होती. जवळून चेंडू भोकात घालवण्याचं तिचं कसब असं की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं. चार दिवसांत ७२ होल खेळून तिनं २६९ फटके घेतले. कांस्यपदक मिळालेल्या न्यूझीलंडच्या लिडिया कोचे फटके होते २६८. म्हणजे चार दिवसांच्या खेळात फरक एका फटक्याचा!

त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्रानं भालाफेकीत सुवर्ण मिळवलं. देशभर पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होतं. पण अदितीच्या नावापुढे ‘पदक हुकलं’ एवढे दोन शब्द चिकटले ते कायमचेच. माझा आक्षेप आहे तो या दोन शब्दांना.

या मुलीची वाटचाल बघा. जन्म १९९८चा. २०१६च्या सुरुवातीला, अठरावं वर्ष पुरं व्हायच्या आत ती व्यावसायिक खेळाडू झाली. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक खेळली आणि तिथे ४१व्या क्रमांकावर राहिली. मग नोव्हेंबरमध्ये गुडगावला तिनं इंडियन ओपन जिंकली. महिलांच्या युरोपियन टूरवर स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय. आणि ती स्पर्धा तिनं जिंकली होती एकाच फटक्यानं! जो एक फटका २०१६मध्ये तिच्या पदरात पडला, तोच २०२१मध्ये निसटला. मग पहिल्या वेळी ती गुणाची आणि दुसऱ्या वेळी कमनशिबी, असं कसं म्हणायचं? खेळणारी तीच, मेहनत तीच.

या व्यवसायात महिन्याचा पगार नसतो. बहुतेक स्पर्धांत पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना गाळतात. ज्या गाळल्या गेल्या, त्यांच्या हाती सहसा काहीच लागत नाही. प्रवास, राहणं, कॅडीचे पैसे हा खर्च मात्र चुकत नाही. २०१७पासून अदिती अमेरिकेतल्या एलपीजीए टूरवर खेळू लागली. या आठवड्यात एक गाव, पुढच्या आठवड्यात दुसरं. टीव्हीवर दिसतो तो त्यातला एखादाच रविवार.

२०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये तर आणखी कठीण प्रसंग आला. शेवटच्या दिवशी ती सात फटक्यांनी पुढे होती. सुवर्ण जणू ठरलेलंच. त्या दिवशी मात्र काहीच मनासारखं होईना, ७७ फटके गेले आणि सुवर्ण थायलंडच्या खेळाडूकडे गेलं. अदितीला रौप्य मिळालं. एशियाडच्या गोल्फमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, पण चर्चा झाली ती घालवलेल्या आघाडीची. आणि तिनं काय केलं? दोन महिने व्हायच्या आत स्पेनमध्ये युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली. मला तिचं कौतुक वाटतं ते इथं. सगळ्या जगासमोर हातचं गेल्यावर पुन्हा बॅग घेऊन उभं राहायचं, हे पदकापेक्षा सोपं नाही.

आता त्या बॅगेविषयी. रिओत अदितीची बॅग तिच्या वडिलांनी उचलली होती, टोकियोत आईनं. चौदा काठ्यांची ती जड पिशवी, जपानचा उन्हाळा, रोज अठरा होलांची पायपीट. मला यातली पाळी महत्त्वाची वाटते. एकदा बाबा, एकदा आई. आपल्याकडे मुलगी खेळायला लागली की तिला मैदानावर सोडणं, डबा, तिचे कपडे, शेजारणींची बोलणी हे सगळं आईच्या वाट्याला येतं. वडील येतात ते बक्षीस समारंभाला, फोटोपुरते! मग आई थकते आणि एक दिवस मुलीचा खेळ बंद होतो.

कुणी म्हणेल, त्यांचं बरं आहे हो, पैसा आहे, शहर आहे. खरंच आहे ते. गोल्फ महागडा खेळ आहे आणि आपल्या तालुक्याच्या गावात तो येईल, असं स्वप्न मी दाखवणार नाही. पण सामाजिक कामाच्या निमित्तानं घरोघरी जाते तेव्हा दिसतं की मुलींचा खेळ दर वेळी पैशापायीच थांबतो असं नाही. खो-खोला बूटसुद्धा लागत नाहीत, तरी नववीत मुली मैदानातून नाहीशा होतात. ‘दहावी जवळ आली’, ‘मोठी झाली आता’, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘एवढं खेळून मिळालं काय?’ जिल्ह्याला चौथी आलेल्या पोरीला घरात हा प्रश्न विचारला जातो. मुलगा चौथा आला तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात. मुलीला पुढचं वर्षच मिळत नाही.

अदितीला ते मिळालं. रिओत ४१वी आली म्हणून तिला कुणी घरी बसवलं असतं, तर टोकियोची ती पहाट आपल्याला दिसलीच नसती. २०२४मध्ये ती पॅरिसलाही खेळली, पदकाच्या जवळपास पोचली नाही, पण तिचं तिसरं ऑलिंपिक झालं.

तेव्हा एवढंच करूया. आपली लेक स्पर्धेहून रिकाम्या हातानं आली, तर दारातच ‘कितवी आलीस?’ विचारायचं नाही. पाणी द्यायचं, ‘कशी खेळलीस?’ म्हणायचं आणि ती सांगेल ते सगळं ऐकायचं. आणि हो, पुढच्या स्पर्धेला तिची बॅग उचलायची पाळी तिच्या बाबांची!