कचरा कोणाचा, रस्ता कोणाचा?

धामापूरचा तलाव १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या साहाय्याने बांधला, असे सांगतात. पाच शतके होत आली, तरी त्याच्या पाण्यावर शेती-बागायती उभी आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्यास जागतिक वारसा म्हणून गौरविले. कोकणातील डांबरी रस्ते मात्र दोन-तीन पावसाळ्यांतच उखडतात. एक काम लोकांनी लोकांसाठी केले, दुसरे निविदेसाठी होते, एवढाच काय तो फरक!

या दुखण्यावर एक उपाय उपलब्ध आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिकचा रस्त्यासाठी उपयोग करून दाखविला. सुमारे १६० ते १७० अंशांपर्यंत तापविलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा चुरा टाकला म्हणजे तो वितळून खडीवर पातळ लेप चढतो. मग त्यात डांबर मिसळावयाचे. पाण्याने डांबर खडीपासून सुटते, ते या लेपामुळे कमी सुटते. एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला साधारणतः दहा टन डांबर लागते. त्यातील एका टनाची जागा प्लॅस्टिक घेते. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ साली याची मार्गदर्शिकाही काढली.

मग अडते कोठे? नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने पाच लाखांवर वस्ती असलेल्या शहरांच्या पन्नास किलोमीटर परिसरात हे तंत्र वापरण्याचा आदेश काढला. सिंधुदुर्गात असे शहर नाही. २०११ च्या जनगणनेत सबंध जिल्ह्याची लोकसंख्याच साडेआठ लाखांच्या घरात होती. म्हणजे पाऊस अधिक, पर्यटकांचा कचरा अधिक, पण आदेशाची कक्षा धामापूरपर्यंत पोहोचत नाही. तरीही याच जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे काटेकोर वर्गीकरण करून प्लॅस्टिक रस्त्यांसाठी वापरले. तेव्हा प्रश्न तंत्राचा नसून इच्छाशक्तीचा आहे.

परंतु केवळ तंत्राने हुरळून जाणेही योग्य नव्हे. वेष्टने विकून नफा मिळवावयाचा कारखानदारांनी आणि ती वेचावयाची गावातील गरीब स्त्रियांनी, हा कोणता न्याय? २०१६ च्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. ‘रस्त्यात जिरले’ या सबबीखाली तिच्यातून त्यांना मोकळे सोडता कामा नये. वाचलेल्या डांबराची किंमत ठेकेदाराच्या खिशात न जाता वर्गीकरण करणाऱ्या हातांना रास्त मजुरी म्हणून मिळाली पाहिजे. पीव्हीसी तापविल्यास विषारी वायू सुटतो. म्हणून ते निवडून बाजूला काढणे हे कौशल्याचे व जोखमीचे काम आहे, बिगारीचे नव्हे. शिवाय निकृष्ट रस्ता उखडला, तर त्यातील प्लॅस्टिकचे कण पावसाबरोबर तलावाकडेच वाहतील.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत तीन मागण्या लावून धराव्यात : अंदाजपत्रकात प्लॅस्टिकचे प्रमाण व डांबराची बचत स्पष्ट लिहावी, वर्गीकरणाची मजुरी ठरवून द्यावी, आणि रस्त्याच्या टिकाऊपणाची हमी ठेकेदाराकडून लेखी घ्यावी. तलाव बांधणाऱ्या गावाला हिशेब मागण्याचा अधिकार कोणी शिकवावयास नको.