सहा फुटांची पट्टी



नवे घर बांधले की पाहुण्याला आधी दार दाखवायचे, ही आपल्याकडची रीत. विटांच्या भिंती सगळ्यांच्या सारख्याच. घरधन्याची हौस दिसते ती दारात. चौकटीभोवती नक्षीची पट्टी, फळीवर उठावाचे चौकोन, ओसरीच्या खांबांना वर-खाली गोल कडी. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला जुने सुतार गणेशपट्टी म्हणतात. आपल्या घरी तिथे कमळ किंवा धम्मचक्र कोरून घेतात. या सगळ्या पट्ट्यांना सुतार एकच शब्द वापरतो, मोल्डिंग. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एका गावी, ओळखीच्या कुटुंबाने घरकुलाचा हप्ता, धानाचे पैसे आणि बचत गटाचे कर्ज एकत्र करून घर बांधले. चार दारे बसवली. दार सात फूट उंच, तीन फूट रुंद. दोन उभ्या बाजू आणि वरची आडवी मिळून सतरा फूट पट्टी. दोन्ही अंगांनी लावली म्हणून चौतीस. चार दारांची एकशे छत्तीस फूट. पट्टीचा भाव फुटावर असतो. म्हणजे एकशे छत्तीस वेळा पैसे मोजले.

श्रावणातली रात्र. वीज गेलेली, मुले सतरंजीवर झोपलेली. आजी पाणी प्यायला उठली, तिने सवयीने बॅटरी लावली, आणि परसाकडच्या दारापासून हातभर अंतरावर काळी, पांढऱ्या आडव्या रेघांची मण्यार दिसली. दाराखाली इंचभर फट होती. फटीत कोंबलेले पोते मुलांच्या पायाने बाजूला सरकले होते. नातीचे अंथरूण तिथून दोन पावलांवर. कोणाला काही झाले नाही, हे त्या घराचे नशीब म्हणायचे.

सकाळी आजीने सुताराला बोलावून विचारले, “एवढी पट्टी वरतं लावली भाऊ, खालतं काहून नाही लावली?”

तो म्हणाला, “कोणी सांगतलंच नाही ना, माय.”

दोघांचेही खरे होते. बाहेर उघडणारी दारे दोन, दोहोंच्या खाली मिळून सहा फूट पट्टी लागत होती. तेवढीच राहिली.

मण्यार रात्री फिरते. तिचे दात बारीक असतात. दंश झाला तरी पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतच नाही. काही तासांनी पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, मग श्वास. अशा वेळी घट्ट बांधणे, कापणे, मंत्र-तंत्र यात एक मिनिटही घालवू नये; थेट दवाखाना गाठावा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. आपला जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. बांधी पाण्याने भरली की उंदीर कोरड्या जागेकडे, म्हणजे घराकडे येतात, आणि साप उंदरांच्या मागे येतो. म्हणून दाराखालच्या फटीला क्षुल्लक समजू नये.

आता कोणी म्हणेल, मोल्डिंग ही शोभेची वस्तू, तिचा सापाशी काय संबंध? तर पट्टी जन्मली ती शोभेसाठी नव्हे. लाकडाचे दोन तुकडे जोडले की सांध्याला फट राहते. फट झाकायला पट्टी आली. कोपरा आपटून झिजतो, म्हणून कड गोल केली. पाणी कडेवर थांबून मुरते, म्हणून कडेला उतार दिला. ही कामे नीट करता करता सुताराचा हात बसला, आणि त्या हाताला नक्षी सुचली.

याची साक्ष आपल्या जवळच आहे. १ मे १९९९ रोजी ज्या भंडारा जिल्ह्यातून आपला जिल्हा वेगळा झाला, त्या जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूपाचे व त्याच्या दगडी कठड्याचे अवशेष मिळाले. स्तूपाभोवतीच्या अशा कठड्याला वेदिका म्हणतात. तिची बांधणी पाहा: उभे खांब, खांबांच्या भोकांत बसवलेल्या आडव्या पट्ट्या, म्हणजे सूची, आणि वरून बसवलेला लांब दगड, म्हणजे उष्णीष. दगडाला भोके पाडून अशी जोडणी करण्याची गरज नसते. ही रीत सुताराची आहे. आधी कुंपण लाकडाचे होते, पुढे तेच दगडात घडवले. सांचीच्या वेदिकेवरचे उष्णीष पाहिले आहे का? त्याची पाठ गोल असते, पावसाचे पाणी दोन्हीकडे ओघळून जाते. शोभाही झाली, कामही झाले.

पुणे जिल्ह्यातील कार्ल्याच्या चैत्यगृहात तर हे अधिकच स्पष्ट दिसते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते लेणे. छताला लावलेल्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. आत ३७ खांब. स्तूपामागचे सात साधे, अष्टकोनी. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांचे पाय मात्र दगडी घटात उभे आहेत. हे घट कुठून आले? लाकडी खांबाचा पाय ओल आणि वाळवी यांपासून वाचावा म्हणून तो मडक्यात ठेवत असत, त्याची ही आठवण, असे काही अभ्यासक सांगतात. म्हणजे आज आपण ओसरीच्या खांबाला हौसेने घट काढून घेतो, तो मुळात वाळवीवरचा उपाय असावा.

त्याच कार्ल्याच्या प्रवेशापाशी एक छोटा ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकटाचा राहणारा, वेणुवासाचा मुलगा सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, असे त्यात नोंदले आहे. राजे, व्यापारी, भिक्खू यांच्या नावांबरोबर दार करणाऱ्या सुताराचे नावही तिथे टिकले. दाराच्या कामाची एवढी किंमत त्या काळी होती.

आता आपल्या घराकडे वळू. सुताराला काम सांगताना कोणत्या गोष्टी बोलून घ्याव्यात?

पहिली गोष्ट दाराच्या तळाची. ज्या फटीतून साधी पेन्सिल आत सरकते, तिथून उंदराचे पिल्लू येऊ शकते. फट पाव इंचापेक्षा कमी हवी. फरशी एकसारखी नसेल तर आधी दगडाचा बुटका उंबरठा बसवावा आणि त्याच्या दोन्ही कडा उतरत्या घासून घ्याव्यात, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला ठेच लागत नाही. दाराच्या तळाला आतून रबराची किंवा ब्रशाची पट्टी लावावी. तिची स्क्रूची भोके उभी लांबट ठेवावीत. पट्टी झिजली की स्क्रू सैल करून ती खाली सरकवता येते. उंदीर रबर कुरतडतात, म्हणून बाहेरून तळाशी पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी मारावी.

दुसरी गोष्ट पावसाची. झड थेट दारावर येत असेल तर दाराच्या बाहेरच्या अंगाला, अगदी खाली, सागाची उतरती पट्टी लावावी आणि तिच्या पोटाला लांब खाच पाडावी. पाणी लाकडाच्या पोटाला चिकटून आत सरकत जाते. खाच आली की तिथे ते तुटते आणि थेंब होऊन बाहेर पडते. खिडकीवरच्या सज्जालाही कडेखाली अशीच अर्ध्या इंचाची खाच प्लास्टर ओले असताना पाडून घ्यावी. याला वेगळा खर्च नाही, फक्त वेळेवर सांगावे लागते.

तिसरी गोष्ट लाकडाच्या स्वभावाची. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते; लांबीत फारसे नाही, रुंदीत. म्हणून दारातली मधली फळी खाचेत मोकळी बसवलेली असावी आणि तिच्या कडेची पट्टी चौकटीच्या लाकडाला खिळलेली असावी, फळीला नव्हे. पट्टीचा खिळा फळीतून गेला तर फळीला हलायला जागा राहत नाही, आणि वैशाखात तिला उभी चीर जाते. मग दोष लाकडाला दिला जातो.

चौथी गोष्ट लाकूड पारखण्याची. सागाचे आतले तपकिरी लाकूड वाळवीला दाद देत नाही. बाहेरचे पांढुरके लाकूड ती खाते. पट्ट्या पुष्कळदा उरलेल्या पांढऱ्या तुकड्यांतून काढतात आणि रंगाखाली ते दिसत नाही. म्हणून रंग देण्याआधी पट्टीचे कापलेले टोक पाहावे. भुसा दाबून केलेल्या फळीची पट्टी स्वस्त आणि गुळगुळीत मिळते, पण पाणी लागले की ती फुगते. ती जमिनीजवळ किंवा न्हाणीच्या दाराला लावू नये. आणि दार बसवण्यापूर्वी त्याच्या तळाच्या कडेला रंगाचे दोन हात द्यायला लावावे. ती कड कोणाला दिसत नाही म्हणून कोरडीच राहते, आणि दार कुजायला तिथूनच सुरुवात होते.

खांबाच्या कड्यांचेही तेच. सिमेंटच्या कड्याची वरची बाजू सपाट ठेवली तर पाणी साचते, शेवाळ धरते, रंग पोपडतो. तिला बाहेर उतार हवा. कपाटाच्या बाबतीत एवढेच पाहावे की दोन झडपा जिथे मिळतात तिथे एका झडपेला सांधा झाकणारी पट्टी आहे. मुलांची पुस्तके, जातीचे दाखले, जमिनीचे कागद त्या कपाटात असतात. धूळ आणि झुरळे त्या सांध्यातूनच जातात.

भगिनींना एक वेगळे सांगायचे आहे. गोंदियाच्या भातगिरण्यांच्या आसपास राहणाऱ्यांना कोंड्याची धूळ आणि राख यांचा अनुभव आहे. खोल नक्षीत ती जाऊन बसते. नक्षी पसंत करायला दुकानात घरधनी जातो; काडीला फडके गुंडाळून ती पुसायला घरातली बाई किंवा शाळेतून आलेली मुलगी बसते. तेव्हा नमुना निवडताना जी पुसणार तिला विचारावे. एका हातात पुसली जाईल अशी साधी गोल पट्टी दिसायलाही देखणी असते.

हौस करू नये असे म्हणणे नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना स्वतःची चौकट मिळाली नाही, त्यांनी आपल्या चौकटीवर कमळ कोरून घेतले तर त्यात आनंदच आहे. फक्त क्रम चुकू नये. आधी सहा फूट, मग एकशे छत्तीस.

त्या घरी आता दोन्ही दारांना खाली पट्टी आहे. आजीने ती सुतारासमोर बसून लावून घेतली आणि निघताना त्याला चहा दिला. आता गावातल्या प्रत्येक नव्या दाराला तो स्वतःच विचारतो, “खालतं लावायची ना?”

आज रात्री एक काम करा. दिवे मालवा, एकाने बाहेर जाऊन दाराच्या तळाशी बॅटरी धरावी, दुसऱ्याने आतून पाहावे. जिथे उजेड आत येतो, तिथे पट्टी हवी आहे.