हसऱ्या चेहऱ्यामागचे श्रम

हमालाचे श्रम वजनाने मोजता येतात, कारकुनाचे कागदांच्या संख्येने. परंतु परिचारिका, बँकेच्या खिडकीत बसणारा कर्मचारी, कॉल सेंटरमधील तरुण यांच्या कामाचा फार मोठा भाग अशा कोणत्याच मापात बसत नाही. स्वतःच्या मनात संताप वा भीती दाटलेली असताना समोरच्याला धीर द्यायचा, अपमान गिळायचा आणि आवाजात कंप येऊ द्यायचा नाही, हे त्यांचे नित्याचे काम. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात त्याला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. त्यासाठी त्यांनी डेल्टा विमान कंपनीतील हवाई सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांचा अभ्यास केला. एकींना हसण्याचे वेतन, दुसऱ्यांना दरडावण्याचे!

चेहऱ्यापुरता अभिनय आणि भावना खरोखरच मनात जागवून केलेला अभिनय, असा भेद त्यांनी केला. आपल्याला तो नवा नाही. भरतमुनींनी सात्त्विक अभिनय वेगळा मानला, कारण अश्रू, रोमांच, स्वरभेद हे भाव मन एकाग्र झाल्याखेरीज प्रकटत नाहीत. मात्र नटाच्या प्रयोगावर पडदा पडतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. रुग्णकक्षात यातले काहीच घडत नाही.

हे श्रम मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. सेलेस्ट ब्रॉदरिज आणि रेमंड ली यांनी २००३ साली पंधरा विधानांची प्रश्नावली मांडली. भावना किती वेळा, किती तीव्रतेने व किती प्रकारच्या दाखवाव्या लागतात, एकेक संवाद किती वेळ चालतो आणि वरवरचा व सखोल अभिनय किती करावा लागतो, हे ती विचारते. चेहरा एक आणि मन दुसरे असे सतत वागणाऱ्यांना अधिक शीण येतो, असे पुढील संशोधनात वारंवार आढळले. अशा प्रश्नावलीला मर्यादा आहेत. मुकाट्याने सोसणे हेच ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, ते कागदावरही ‘काही त्रास नाही’ असेच लिहिणार. तरीही आज आस्थापना जे मोजतात त्याहून ती बरी. तिथे दूरध्वनी ध्वनिमुद्रित करून विनयाला गुण दिले जातात; तो विनय टिकविताना माणसाचे काय खर्ची पडले, याची नोंद होत नाही.

आपल्या गावागावांतील आशा स्वयंसेविकांकडे या दृष्टीने पाहावे. घरोघरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०११ साली ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली, तेव्हा रुग्णालयातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत सहा भेटी आणि त्या पूर्ण झाल्यावर २५० रुपये असा दर ठरला. भेटी मोजल्या जातात, बाळाचे वजन नोंदले जाते. पण बाळाला मध चाटवू नका हे सासूबाईंना न दुखवता समजावणे, दारातूनच परत पाठविणाऱ्या घरी पुन्हा हसतमुखाने जाणे, आणि ज्या घरी बाळ दगावले तिथून निघून पुढच्या घरी बाळंतिणीचे अभिनंदन करणे, यासाठी नोंदवहीत रकाना नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरव योग्यच होता, पण रकाना अजून कोराच आहे.

यावर ‘ही तर सेवा आहे’ असे उत्तर हमखास मिळते. सेवा हा शब्द आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा. म्हणूनच तो जपून वापरला पाहिजे. स्वयंसेवक आपला वेळ स्वखुशीने देतो, त्यावर त्याची चूल अवलंबून नसते. जिची चूल याच मोबदल्यावर पेटते, तिला स्वयंसेविका म्हणून तिच्या श्रमांचा हिशेबच टाळणे ही त्या शब्दाची विटंबना आहे.

मोजमाप कामाची आखणी सुधारण्यासाठी व्हावे, कर्मचाऱ्याला गुण देण्यासाठी नव्हे. एका पाळीत किती रुग्ण, किती मृत्यू, किती संतप्त नातेवाईक हे नोंदले गेले, तर मनुष्यबळ किती हवे ते ठरविता येईल. मृत्यू पाहिलेल्या परिचारिकेला त्याच पाळीत तासभर तरी रुग्णकक्षाबाहेर बसता यावे, याला मोठा निधी लागत नाही. आणि दिवसभर परक्यांशी गोड बोलून संध्याकाळी घरी आलेली सून अर्धा तास कुणाशी बोलली नाही, तर तिला घुमी ठरविण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवावा.