वाळूतला कापूस

आज तुर्कमेनिस्तानची ओळख करून घेऊ. सोव्हिएत राजवट मोडकळीस आली आणि २७ ऑक्टोबर १९९१ रोजी हा देश स्वतंत्र झाला. पश्चिमेला कास्पियन समुद्र आहे, पण तो पडला बंदिस्त. बाकी बहुतेक मुलूख काराकुमचा, म्हणजे 'काळ्या वाळू'चा.

पाऊस नावापुरता, तरी इथे कापूस पिकतो! सोव्हिएत सरकारने १९५४ साली अमुदर्या नदीतून कालवा खोदायला घेतला. १९६२ मध्ये पाणी राजधानी अश्गाबादला पोचले. पुढे लांबी तेराशे किलोमीटरांवर गेली. पण कालवा वाळूतला आणि बिनअस्तराचा. कितीतरी पाणी वाटेतच मुरते आणि जमिनीतले क्षार वर आणते. ज्यांनी कालव्याकाठची चिबड रानं पाहिली आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. ते क्षार धुवायला पुन्हा पाणीच सोडावे लागते. तिकडे नदीच्या शेवटाला अरल समुद्र आटत गेला.

आज देशाची तिजोरी भरते ती भूगर्भातल्या वायूवर. कापूस किती पिकवायचा आणि काय भावाने घालायचा, हे मात्र अजून सरकारच ठरवते. त्यात २०२२ पासून वरच्या अंगाला अफगाणिस्तानने त्याच नदीवर कोश तेपा कालवा खोदायला घेतला आहे. खाली तुर्कमेनिस्तानच्या वाट्याला तेवढे पाणी कमी येणार.