तोळ्यात न मावणारा दागिना

कुठल्याही लग्नकार्यात जा, नव्या दागिन्याला हात लावून पहिला प्रश्न येतो, "किती तोळ्यांचा गं?" दुसरा प्रश्न, "कुठल्या सराफाकडचा?" तो घडवला कुणी, आणि मुख्य म्हणजे तो नक्की कुणाच्या मालकीचा, हे मात्र कुणी विचारत नाही. आपल्या अंगावरची ही सगळ्यात महागडी वस्तू, पण तिच्याकडे बघायची आपली नजर मात्र तराजूच्या काट्याची!

हा काटा बाजूला ठेवायला लावणारी एक बांगडी आहे. ऑटो क्युंझली या मूळच्या स्विस कलाकाराने ती १९८० मध्ये केली. काळ्या रबरी नळीची साधी बांगडी, एका जागी जरा फुगलेली. त्या फुगवट्यात सोन्याची गोळी आहे, पण ती दिसत नाही. बघायची तर रबर कापावं लागणार, आणि कापलं की बांगडी संपली! तिचं नावच आहे ‘सोनं आंधळं करतं’. याच कलाकाराने १९८५-८६ मध्ये लोकांनी वापरलेल्या लग्नाच्या ४८ अंगठ्या मिळवून त्यांची साखळी केली. आहे सोन्याचीच, पण गळ्यात घालायला मन धजेल का? एकेक कडी म्हणजे कुणाचा तरी संसार. कुणी वारलेलं, कुणी मोडून निघालेलं. वजन कितीही भरो, जड होते ती त्या आठवणींनी.

तुम्ही म्हणाल, हे पोटभरल्या लोकांचे चोचले. आमच्यासाठी सोनं म्हणजे अडीअडचणीची पुंजी, रबराची बांगडी घेऊन काय करू? अगदी खरं आहे. पाऊस दगा देतो, दवाखान्याचं बिल येतं, मुलाची फी भरायची असते, तेव्हा उपयोगी पडतात त्या पाटल्याच. म्हणून तर मी हा विषय काढला. ज्या वस्तूवर घराची मदार, तिच्याबद्दल आपण किती कमी विचारतो, हे अशी कामं दाखवून देतात.

अशी नवी कला बघायची म्हणजे गुळगुळीत गॅलरी आणि इंग्रजी बोलणारी माणसं, असं आपल्याला वाटतं आणि पाय मागे सरतो. पण जुन्या वास्तूंमध्ये नव्या कलाकारांचं काम मांडायची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. मुंबईच्या राणीच्या बागेला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, आत्ताचं नाव १९७५ मध्ये मिळालं. पुढे वास्तूची रया गेली. मग काही वर्षं चाललेल्या काळजीपूर्वक दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. त्या दुरुस्तीला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला होता.

तिथे २०१३ मध्ये रीना सैनी कलाट यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर एक भलं मोठं कोळ्याचं जाळं लावलं होतं. जणू त्या वास्तूच्या अंगावर घातलेला दागिनाच! आणि तो कशाचा? सरकारी कचेरीत असतात तशा रबरी शिक्क्यांचा, फक्त आकाराने कितीतरी मोठ्या. शिक्क्यांवर नावं होती मुंबईतल्या रस्त्यांची, जी पुढे बदलली गेली. एक शिक्का उठतो आणि जुनं नाव पुसलं जातं, हे त्यांना सांगायचं होतं. बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. लग्नानंतर नाव बदलण्याचा अनुभव आपल्यातल्या किती जणींना आहे!

याच संग्रहालयात मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. जुन्या मुंबईतली वेगवेगळ्या जातीधर्मांची, कामधंद्यांची माणसं, त्यांच्या पगड्या, पेहराव. मला मात्र सगळ्यात जास्त आवडते ती तिथल्या वस्तूंशेजारची चिठ्ठी. वस्तू काय, कशाची, कुठली, केव्हाची. तिथे गोष्ट साधी मातीची असली तरी तिची नोंद असते.

आणि आपल्या कपाटातल्या ठुशीची, बोरमाळेची नोंद?

महिला सल्ला केंद्रात काम करताना हा प्रश्न मला नेहमी छळतो. घर सोडून आलेली बाई समोर बसलेली असते. "लग्नात काय काय घातलं होतं?" विचारलं की ती बोटं मोजू लागते. वजन आठवतं, पण पावती नाही. फोटो सासरी राहिलेले. एकीच्या पाटल्या दिराच्या धंद्यासाठी तारण ठेवल्या गेल्या. तारणाचा कागद नवऱ्याच्या नावावर. तिने विचारलं तर उत्तर मिळालं, "घरातलंच सोनं ना, तुझं कसलं?"

तिचंच ते! माहेरच्यांनी, सासरच्यांनी, नवऱ्याने तिला भेट म्हणून दिलेले दागिने हे तिचं स्त्रीधन. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधनावर पूर्ण हक्क त्या स्त्रीचा. २०२४ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं, अडचणीच्या वेळी नवऱ्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालीही स्त्रीधन परत मागता येतं, आणि तो कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. पण हक्क सांगायचा तर वस्तू होती हे दाखवावं लागतं. तिथेच आपण कमी पडतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी एक साधी वही वाण म्हणून लुटूया. पानावर दागिन्याचा फोटो चिकटवायचा. खाली लिहायचं, कुणी दिला, केव्हा, वजन किती, पावती कुठे आहे, सध्या तो कुणाकडे आहे. वहीची एक प्रत माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवायची. यात कुणावर अविश्वास नाही. बँकेचं पासबुक आपण ठेवतोच ना?

आणि गावातल्या जुन्या वाड्यात, वाचनालयाच्या दालनात एक छोटं प्रदर्शनही भरवता येईल. खरं सोनं आणूच नका, जोखीम नको. फोटो आणा, आजीची मण्यांची पोत आणा, काचेच्या बांगड्या आणा. शेजारी चार ओळींची चिठ्ठी. "ही नथ विकून थोरलीला डी. एड.ला घातलं." "हे डोरलं तीनदा गहाण पडलं, तीनदा सोडवलं." दागिना घडवणाऱ्या हातांनाही त्यात जागा द्या. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचं कितीतरी बारीक काम घरोघरी बायकाच करतात, पण पावतीवर त्यांच्या वाट्याला एकच शब्द येतो, ‘घडणावळ’!

सोन्याचा भाव रोजच्या पेपरात छापून येतो. त्या दागिन्यामागची बाई मात्र कुठेच छापली जात नाही. ती नोंद आपणच करायची आहे, स्वतःच्या अक्षरात. दागिना मोडीत निघाला तरी ती नोंद राहील. आणि उद्या कुणी "तुझं कसलं?" असं विचारलं, तर वहीचं पान उघडून दाखवता येईल.